स्वाराच्या जागी आलेले शिसे

मोटारदुरुस्तीच्या गॅरेजांतून निकामी ठरून बाहेर पडलेली तीन बेअरिंगे, एक जाड फळी आणि पुढचे चाक वळविता यावे म्हणून बोल्टावर खिळविलेली एक आडवी पट्टी, एवढ्या सामग्रीवर पुण्यातील मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या उताराच्या रस्त्यांवरून जी बेअरिंगची गाडी खडखडाट करीत पळविली, तिच्या कर्त्यांना एक गोष्ट कोणत्याही ग्रंथाच्या साहाय्यावाचून ठाऊक होती. ती ही की, फळीवर एकाऐवजी दोघे बसले म्हणजे गाडी अधिक वेग घेते. पांगुळगाड्याला किंवा तुळशीबागेतून आणलेल्या, दोरीने ओढावयाच्या लाकडी घोड्याला हा अनुभव लागू पडत नाही. ओढावयाच्या गाडीला वजन हे निव्वळ ओझे. पण जिला केवळ पृथ्वीचे आकर्षण पुढे नेते, त्या गाडीचे वजन हेच भांडवल. बेअरिंगच्या गाडीत हे भांडवल स्वाराच्या देहातच असते. ज्या वीतभर लाकडी गाडीत स्वारच नाही, तिच्या पोटात ते कोठून यावे?

या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेच्या मुलखात सापडते. १९३३ साली ओहायो प्रांतातील डेटन शहरी मायरन स्कॉट नावाच्या वृत्तपत्रीय छायाचित्रकाराच्या दृष्टीस, खोक्यांच्या फळ्यांपासून बनविलेल्या गाड्यांतून उतारावर शर्यत लावणारी मुले पडली. त्याच्या खटपटीने पुढच्याच वर्षी त्या शर्यतीला राष्ट्रीय स्वरूप आले आणि १९३५ पासून ती अ‍ॅक्रन येथे भरू लागली. तेथे मुलगा स्वतः गाडीत बसे, आणि म्हणूनच वयाची अट होती. ही अट कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथील डॉन मर्फी याच्या दहा वर्षांच्या मुलाच्या आड आली. मर्फी हा नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमानांच्या कारखान्यात कलाविभागाचे काम पाहणारा गृहस्थ, आणि बालवीरांच्या एका पथकाचा प्रमुख. मोठ्यांच्या शर्यतीत ज्यांना प्रवेश नाही त्या लहानग्यांसाठी, बापलेकांनी घरी बसून मिळून करण्याजोगी काही तजवीज करावी, या वात्सल्यपूर्ण हेतूने त्याने पाइनच्या लाकडाचा ठोकळा, चार चाके आणि आसांच्या जागी चार खिळे अशी छोटी गाडी योजिली. १५ मे १९५३ रोजी तिची पहिली शर्यत झाली, आणि १९५४ च्या ऑक्टोबरात ‘बॉईज लाइफ’ मासिकाने तिचा तपशील सर्व देशभर पोहोचविला.

स्वार गेला, पण स्वाराचे काम शिल्लक राहिले, हाच या कुळकथेचा माझ्या मते खरा सांधा आहे. सात इंची ठोकळा तासून, कोरून, वाऱ्याला कापणारा निमुळता केला की तो पिसासारखा हलका होतो. आणि नियमाने तर गाडीला पाच औंसांपर्यंत, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम किंवा आपल्या जुन्या तोलाने बारा तोळ्यांपर्यंत, भरण्याची मुभा दिलेली असते. ही तूट भरून काढण्यासाठी तळाशी भोके पाडून त्यांत शिसे बसविण्याचा शिरस्ता पडला. छापखान्यांत अक्षरांचे खिळे जुळविण्यात आयुष्य वेचलेल्या पुण्यातील कामगारांच्या हातांना या धातूचे जडत्व पुरेपूर परिचित होते : पाण्याच्या सव्वाअकरा पट त्याची घनता, आणि पाइनचे लाकूड तर पाण्याच्या निम्म्याच्या आसपास.

येथे एक शंका घेतली जाते, आणि ती रास्त आहे. जड व हलका पदार्थ सारख्याच त्वरेने पडतात हे गॅलिलिओने दाखविले; १६३८ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने लाकडी तुळईत खोदलेल्या, चर्मपत्राने गुळगुळीत केलेल्या पन्हळीतून कांस्याचा गोळा घरंगळविण्याच्या प्रयोगाचे सविस्तर वर्णनही केले आहे. मग शिशाने गाडीला लाभ कसला? लाभ आहे तो विरोधाच्या हिशेबात. खिळा आणि चाक यांमधील घर्षण वजनाबरोबर वाढते, म्हणून तेथे वजनदार गाडीला सवलत मिळत नाही. परंतु हवेचा अडथळा गाडीच्या आकारावर आणि वेगावर ठरतो, तिच्या वजनावर नाही. आणि चाके गरगर फिरविण्यात खर्ची पडणारी शक्तीही चाकांच्या ठेवणीप्रमाणे ठरलेली असते. संचित शक्ती जितकी मोठी, तितका या दोन ठराविक देण्यांचा वाटा अल्प. बेअरिंगच्या गाडीवर मागे बसणारा दुसरा मुलगा हाच हिशेब अजाणता चुकता करीत असतो.

वजनाची कमाल मर्यादा कायद्याने बांधली गेल्यावर कारागिराची बुद्धी ‘किती’ सोडून ‘कोठे’ या प्रश्नाकडे वळली, आणि या कलेचे मला सर्वांत सुंदर वाटणारे अंग ते हेच. शर्यतीचा मार्ग आरंभी उतरता व पुढे सपाट असतो. आरंभी गाडीचे नाक खाली आणि पाठ वर असते; सपाटीवर आल्यावर दोन्ही एका पातळीत येतात. अर्थात पाठीशी ठेवलेले शिसे नाकाशी ठेवलेल्या शिशापेक्षा अधिक उंचीवरून खाली येते आणि तितकी अधिक शक्ती गाडीला देते. परंतु ते फारच मागे सरकविले तर पुढची चाके मार्गावर नीट टेकत नाहीत, गाडी डुलू लागते, कडेला घासते आणि कमावलेले सारे गमावते. म्हणून समतोलाचा बिंदू मागच्या आसाच्या सुमारे एक इंच पुढे राखावा, असा अनुभवी मंडळींचा दंडक आहे.

शिसे वितळविण्याची वाफ आणि त्याची धूळ मुलांना अपायकारक, ही जाणीव दृढ झाल्यावर टंगस्टनला पसंती मिळू लागली. त्याची घनता पाण्याच्या एकोणीस पटींहून अधिक असल्यामुळे तेवढेच वजन कमी जागेत मावते आणि हवे त्या बिंदूपाशी नेमके बसविता येते. शर्यतीपूर्वी प्रत्येक गाडी तोलली जाते. काटा मर्यादेच्या पलीकडे गेला तर तळाचा धातू किंचित कोरून काढावयाचा, अलीकडे राहिला तर एखाद्या कणाची भर घालावयाची. आणि हे काम, मर्फीच्या मूळ कल्पनेप्रमाणे, बाप आणि मुलगा एकाच मेजाशी बसून करतात.