कोपींतील दिवा

गेवराई तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. तरीहि दसरा उलटला कीं तेथील कितीएक कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीस मुकादमाच्या हिशेबांत ‘कोयता’ म्हणतात. माणसांना हत्याराचें नांव! बिऱ्हाड पाचटाच्या कोपींत, आणि भाकरी थापावयाची ती भल्या पहाटे, अंधारांत. वर्षानुवर्षें तेथें रॉकेलची चिमणी जळे. सुक्या पाचटाशेजारीं उघडी ज्योत म्हणजे काय, हें सांगावयास नकोच.

पुढें विजेरी आली. परंतु तिच्या बल्बांतील तार तापून पांढरी व्हावी, तेव्हां कोठें उजेड पडावयाचा. विजेचा विसावा हिस्साहि प्रकाशाच्या रूपानें जेमतेमच हातीं लागे. १९६२ सालीं अमेरिकेंत निक होलोन्याक यांनीं तांबडा उजेड देणारा एलईडी बनविला. पांढऱ्या उजेडासाठीं तेजस्वी निळा हवा होता, व तो पुढें तीस वर्षें कोणास साधेना. अखेर अकासाकी, अमानो व नाकामुरा या जपानी शास्त्रज्ञांनीं तो साधला. २०१४ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें तें याचसाठीं. निळ्या एलईडीवर पिवळ्या प्रकाशद्रव्याचा लेप दिला कीं पांढरा उजेड मिळतो.

इतकी कथा पुष्कळांस ठाऊक असते. बॅटरीची मात्र कोणी सांगत नाहीं. १८५९ सालीं फ्रान्समध्यें गास्तों प्लांते यांनीं शिशाची बॅटरी घडविली. तिचा एक घर दोन व्होल्टचा. सहा घरें मिळून बारा. पांढऱ्या एलईडीस लागतात सुमारें तीन. उरलेले नऊ व्होल्ट रेझिस्टर तापविण्यांत खर्चीं पडतात. पाटाला तीन हात उंचीवर पाणी हवें असतां मोट बारा हात ओढावी व नऊ हात खालीं सोडून द्यावी, तसाच हा प्रकार! तीन एलईडी एकापुढें एक जोडले तर नऊ व्होल्ट कामीं येतात आणि वायां जातो तो चौथा हिस्सा. त्याहून सरस उपाय कन्व्हर्टरचा. तो प्रवाह सेकंदाला हजारों वेळां तोडतो-जोडतो, वेटोळ्यांत सांठवितो व हवा तेवढाच दाब पुढें देतो. नासाडी दहा टक्क्यांच्या आसपास.

सात अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे ती टिकते. एक वॉटचा एकच एलईडी तिच्यावर रेझिस्टर लावून पेटविला तर दहा तासांत, म्हणजे एका रात्रींत, तेवढी वीज संपते. कन्व्हर्टर असेल तर तीच सुमारें साडेतीन रात्री पुरते. कोपीपासून बॅटरी भरून मिळण्याचें ठिकाण दूर, आणि दिवस उसाच्या फडांत जाणारा.