काठीचं पेटंट आणि आमचा पट्टा

मागच्या दिवाळीनंतर आमच्या गटाचं शिलाई मशीन दोन महिने झाकून ठेवलेलं होतं. बिघडलं नव्हतं. आम्ही भ्यालो होतो.

जुन्या लुगड्यांचे काठ दुमडून, आत जाड नवार घालून आम्ही कुत्र्या-मांजरांचे गळपट्टे शिवायला लागलो होतो. पोळ्याला बैलाला बांधतो तसा एक लहानसा गोंडा आणि एक घुंगरू. शहरातल्या प्रदर्शनात ते बरे खपले. तिथंच एक व्यापारी आला, पट्टा उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "ताई, याचं पेटंट आमच्याकडं आहे. माल आम्हालाच द्या, निम्म्या भावानं. दुसरीकडं विकलात तर केस होईल." केस हा शब्द ऐकल्यावर निम्म्या जणींना घरून शिवण बंद करायला सांगितलं गेलं.

मग आम्ही चौकशीला लागलो. जे कळलं ते आज सांगतो.

एखाद्यानं खरोखर नवी युक्ती काढली, तर ती कशी चालते हे त्यानं सरकारला लिहून द्यायचं. बदल्यात सरकार त्याला ठरावीक काळ, आपल्याकडं २० वर्षं, इतरांना ती वापरण्यापासून अडवायचा हक्क देतं. हे पेटंट. ते ज्या देशात मिळालं तिथंच चालतं. दिलेलं पेटंट गुपित नसतं. त्याला नंबर असतो आणि तो कुणीही बघू शकतं. हे आधी माहीत असतं तर आमचे दोन महिने वाया गेले नसते.

ही पद्धत जुनी आहे. इटलीतल्या व्हेनिसनं १४७४ साली असा कायदा केला. इंग्लंडात मात्र राजेराण्या मर्जीतल्या माणसांना साध्यासुध्या वस्तूंचाही मक्ता देऊन टाकत. एलिझाबेथ राणीनं खेळायच्या पत्त्यांचा मक्ता डार्सी नावाच्या आपल्या सेवकाला दिला होता. लंडनच्या अ‍ॅलिन नावाच्या दुकानदारानं तरीही पत्ते विकले. खटला झाला आणि १६०२ च्या सुमारास कोर्टानं तो मक्ताच बेकायदा ठरवला. कारणं अगदी आपल्या बाजारातली वाटतात: मक्त्यानं भाव चढतो, माल बिघडतो आणि हातानं काम करणाऱ्यांची भाकरी जाते. पुढं १६२४ साली तिथल्या संसदेनं कायदाच केला की असे मक्ते चालायचे नाहीत, सूट फक्त नव्या शोधाला. आपल्याकडं इंग्रजांनी १८५६ साली पहिला कायदा आणला. आज चालतो तो १९७० चा, नंतर बऱ्याच दुरुस्त्या झालेला.

कायदा असा आहे म्हणून चुका होत नाहीत असं नाही. अमेरिकेत २००२ साली एक पेटंट दिलं गेलं, जनावराच्या खेळण्याचं. कुत्र्यानं तोंडात धरून आणावं, चावावं असं एक खेळणं. मधे दांडा आणि त्याला फांदीसारखं दिसणारं एखादं टोक. रबराचं, प्लॅस्टिकचं किंवा लाकडाचं. म्हणजे काठीच की! हे वाचून दाखवलं तेव्हा आमच्या बैठकीत हसू आवरेना. फेरतपासणीत ते पेटंट रद्द झालं. त्याआधी १९९५ साली तिथंच मांजराला व्यायाम देण्याच्या रीतीचं पेटंट निघालं होतं: जमिनीवर लेसर दिव्याचा ठिपका हलवायचा आणि मांजराला त्याच्यामागं पळवायचं.

पण प्राण्यांच्या वस्तूंचं पेटंट म्हणजे थट्टाच, असंही समजू नका. १९०८ साली न्यू यॉर्कच्या मेरी डिलेनी या बाईंनी कुत्र्याच्या दोरीचं पेटंट घेतलं. कुत्रं पुढं गेलं की दोरी सुटते, जवळ आलं की आपोआप गुंडाळली जाते, अशी ती युक्ती. नुसती दोरी कुणाचीच नव्हती, ते गुंडाळणं त्यांचं होतं. फरक तो एवढाच.

गळपट्ट्याचं म्हणाल तर इजिप्तमध्ये मैहेरप्री नावाच्या सरदाराच्या थडग्यात कुत्र्याचे चामडी पट्टे सापडलेत, तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचे. एकावर कुत्रीचं नावसुद्धा आहे. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात, बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून. आणि आपल्याकडच्या कवड्यांच्या माळा, घुंगुरमाळा, दावी, कासरे? अंबाडीचे दोर वळणारी मातंग घरं, कातड्याचे पट्टे करणारी चर्मकार घरं, गोंडे ओवणाऱ्या बाया. यांतल्या कुणाचं नाव कागदावर नाही. खरी अडचण तिथं आहे.

हळदीची गोष्ट बघा. जखमेवर हळद दाबायची हे आपल्या आजीला शिकवावं लागलं नव्हतं. तरी १९९५ साली अमेरिकेत जखम बरी करायला हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. संस्थेनं हरकत घेतली, संस्कृत, हिंदी, उर्दूतले जुने लेख हुडकून पुढं ठेवले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. लेखच का हुडकावे लागले? कारण तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातली नुसती वहिवाट धरली जात नसे. छापलेलं दाखवा, म्हणत. आजीचा शब्द पुरावा नव्हता. तो कायदा २०१३ पासून बदलला.

आपल्या कायद्यानं हे आधीच ओळखलं. २००२ आणि २००५ च्या दुरुस्त्यांनंतर कलम ३ सांगतं, की परंपरेनं चालत आलेल्या ज्ञानाला पेटंट नाही. माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी जोडल्या तरी नाही. आणि पेटंट देण्याआधी कुणीही लेखी हरकत घेऊ शकतं, गावातलं ज्ञान तोंडी असलं तरी.

हे कळल्यावर आमच्यातली एक म्हणाली, "मग आपणच घेऊ की पेटंट!" नाही मिळणार. काठ, नवार, गोंडा, घुंगरू, सगळं आधीचंच. वर आम्ही ते प्रदर्शनात मांडून विकलेलं. एखाद्या नव्या दिसण्याची, नक्षीची नोंद डिझाइन कायद्याखाली होते, १० वर्षांसाठी, पुढं आणखी ५. पण तीही बाजारात आणण्याआधी करायची असते. आम्हाला उशीर झाला.

व्यापाऱ्याला आम्ही फोन करून पेटंटचा नंबर मागितला. आठ दिवसांनी त्यानं मोबाईलवर एका कागदाचा फोटो पाठवला. तो ट्रेडमार्कचा होता, म्हणजे त्याच्या दुकानाच्या नावाचा. ते नाव आम्ही कधी वापरलंच नव्हतं. मशीनवरचं फडकं त्याच दुपारी निघालं.

आता प्रत्येक नमुन्याचा फोटो तारखेसह वहीत चिकटवतो. गटातल्या सगळ्यात थोरल्या आक्कांनी त्यांच्या आईची कवड्यांचा पट्टा ओवायची रीत या केंद्रावर बोलून ठेवली आहे. मधे मधे बकरी ओरडते, ते काही काढलेलं नाही. पुढच्या गुरुवारी याच वेळी ऐका.