बहात्तर पट लहान : एका छंदाने युद्धाला दिलेले माप

१/
दिवाळीत अंगणात उभ्या राहणाऱ्या मातीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजाहून उंच असतो आणि पायथ्याचा हत्ती महादरवाजातून कधीच आत शिरू शकणार नसतो. त्यात कुणालाही वावगे वाटत नाही, कारण तो किल्ला मोजमापासाठी रचलेलाच नसतो. विमानांच्या प्रतिकृतींचा छंद मात्र मोजमापावरच उभा आहे. जगभर या छंदात सर्वाधिक रुळलेल्या मापांपैकी एक म्हणजे १:७२. हा काहीसा विचित्र आकडा कुठून आला आणि एकेकाळी त्याचा माणसांच्या जिवाशी काय संबंध आला, त्याचा हा इतिहास.

२/
१९३२ साली ब्रिटनमध्ये ‘स्कायबर्ड्स’ या नावाने विमानांच्या प्रतिकृतींचे संच बाजारात आले. त्यांचा आराखडाकार होता जेम्स हे स्टीव्हन्स. घडवलेले लाकूड, धातूचे बारीक भाग आणि घरी बसून करावयाची तासणी-घासणी, असे त्यांचे स्वरूप होते. स्टीव्हन्सने निवडलेले माप फूट-इंचांच्या हिशेबात अत्यंत सोयीचे होते : प्रत्यक्षातले ६ फूट म्हणजे प्रतिकृतीतला १ इंच. सहा फुटी वैमानिक बरोबर एक इंचाचा होतो. सहा फुटांचे इंच बहात्तर, म्हणून १:७२. त्यामागे दुसरे कोणतेही गूढ नाही.

३/
या मापाची मजा आकडे मांडल्यावर कळते. सुमारे ११.२३ मीटर पंखविस्ताराचे स्पिटफायर विमान या प्रमाणात १५.६ सेंटीमीटरचे होते. वीतभरही भरत नाही. चार इंजिनांचे प्रचंड बी-१७ बॉम्बफेकी विमान सुमारे ४४ सेंटीमीटरचे, म्हणजे जवळपास हातभर. दोन्ही एकाच टेबलावर ठेवली की त्यांच्यातला खरा फरक डोळ्यांना दिसतो. वेगवेगळ्या पानांवर एकाच आकारात छापलेल्या चित्रांतून तो कधीच दिसत नाही.

४/
१९३६ मध्ये ‘फ्रॉग’ या ब्रिटिश नाममुद्रेखाली ‘पेंग्विन’ ही मालिका निघाली. सेल्युलोज अ‍ॅसिटेट या प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करावयाच्या विमानांचे हे जगातले पहिले संच मानले जातात. फ्रॉगची आधीची विमाने रबराच्या पिळावर खरोखर उडत. ही नवी उडत नव्हती, म्हणून न उडणाऱ्या पक्ष्याचे नाव. त्यांचेही माप १:७२ होते. अशा रीतीने युद्ध सुरू होण्यापूर्वीच ब्रिटनमधील अनेक मुलांच्या कपाटांत एकाच प्रमाणातले छोटे हवाई दल जमू लागले होते.

५/
३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटन युद्धात उतरला. तीनच दिवसांनी, ६ सप्टेंबरला, खोट्या इशाऱ्यावरून विमाने आकाशात धाडली गेली. ७४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या स्पिटफायर विमानांनी समोरच्या ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या हरिकेन विमानांना जर्मन समजून गोळीबार केला. दोन हरिकेन पडली आणि माँटेग्यू हल्टन-हॅरॉप हा तरुण अधिकारी ठार झाला. या युद्धात मरण पावलेला तो पहिला ब्रिटिश लढाऊ वैमानिक, आणि त्याला मारणारे विमानही ब्रिटिशच होते. इतिहासात ही घटना ‘बार्किंग क्रीकची लढाई’ या नावाने ओळखली जाते. लढाई हा शब्द येथे क्रूर विनोद म्हणूनच वाचावा.

६/
त्या दिवशीचा मुख्य दोष नियंत्रण यंत्रणेचा होता, हे खरे. पण नुसत्या डोळ्यांची चूकही पुढे वारंवार होत राहिली. दोन इंजिनांचे ब्रिटिश ब्लेनहाइम आणि जर्मन युंकर्स ८८ दुरून इतकी सारखी दिसत, की २४ ऑगस्ट १९४० रोजी कॅनडाच्या हरिकेन वैमानिकांनी ब्लेनहाइम विमानांवरच हल्ला चढवला. तोफेमागच्या किंवा कॉकपिटमधल्या माणसाला निर्णयासाठी काही सेकंदच मिळत. विमान कधी समोरून येई, कधी पोट दाखवत वळे, कधी केवळ शेपटीकडून दिसे. तक्त्यावरची तीन चित्रे पाठ केलेल्या माणसाला चौथ्या कोनातून आलेले विमान अनोळखीच वाटे.

७/
येथे छंदातले माप कामास आले. १:७२ ची प्रतिकृती ३५ फुटांवरून पाहिली, तर ती २,५२० फुटांवरच्या, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. एका साध्या वर्गखोलीत अर्ध्या मैलाचे आकाश मावू शकत होते! दोऱ्याने टांगलेली प्रतिकृती हवी तशी फिरवता येई. प्रत्येक कोन तपासता येई. शिवाय या प्रतिकृती काळ्या रंगवीत. उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर विमानाचा रंग वा चिन्हे दिसत नाहीत, दिसते ती केवळ छायाकृती, आणि शिकायची होती तीच.

८/
अमेरिकेला हा धडा पहिल्याच दिवशी मिळाला. ७ डिसेंबर १९४१ च्या रात्री, पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर काही तासांनी, ‘एंटरप्राइझ’ या विमानवाहू नौकेची सहा वाइल्डकॅट विमाने तिथे उतरू पाहत होती. घाबरलेल्या तोफचींनी त्यांच्यावरच मारा केला. तीन वैमानिकांचे प्राण गेले. पुढच्याच महिन्यात अमेरिकी नौदलाने देशातील शाळांकडे एक अजब मागणी केली : ५० प्रकारच्या विमानांच्या प्रत्येकी १०,००० प्रतिकृती, एकूण ५,००,०००. माप अर्थातच १:७२.

९/
या कामात लाड नव्हते. शाळांच्या सुतारकामाच्या वर्गांत नकाशे पोहोचले. मऊ लाकडाचा ठोकळा तासायचा, धडाच्या ठरावीक जागी पुठ्ठ्याचे साचे लावून गोलाई तपासायची, मग काळा रंग द्यायचा. साच्याशी न जुळणारी प्रतिकृती नाकारली जाई. विमानाचे नाक किंचित जाड झाले, तर त्यावर शिकणारा तोफची चुकीची आकृती लक्षात ठेवणार, हे उघड होते. मुलांना कामाप्रमाणे मानद पदांची प्रमाणपत्रे मिळत. मुलीही यात होत्या. बारा-तेरा वर्षांच्या हातांनी शत्रूची आणि मित्रांची विमाने सारख्याच काळजीने घडवली. त्या वयाच्या मुलांना बॉम्बफेकी विमानांच्या आकृत्या पाठ असाव्यात, यात अभिमान किती आणि विषाद किती, हे ठरवणे सोपे नाही.

१०/
लाकडी प्रतिकृतींच्या जोडीला शिकागोच्या ‘क्रूव्हर’ कंपनीने प्लास्टिकच्या काळ्या प्रतिकृती मोठ्या संख्येने ओतून काढल्या. ब्रिटनमध्ये फ्रॉगच्या निर्मात्यांनीही ओळख-प्रशिक्षणासाठी १:७२ च्या प्रतिकृती केल्या. जानेवारी १९४१ पासून ‘द एरोप्लेन स्पॉटर’ हे नियतकालिक केवळ विमाने ओळखण्याच्या विद्येला वाहिलेले होते. त्या काळात या विद्येचे नवल मोठ्यांपेक्षा मुलांनाच अधिक होते.

११/
तरीही प्रतिकृतींनी सगळे साधले, असे म्हणणे खोटे ठरेल. ११ जुलै १९४३ च्या रात्री सिसिलीवर १४४ अमेरिकी वाहतूक विमाने छत्रीधारी सैनिक घेऊन जात होती. खालच्या आपल्याच नौकांनी आणि तोफखान्याने त्यांच्यावर आग ओतली. २३ विमाने गेली. अंधारात छायाकृतीही दिसत नाही, आणि नुकताच शत्रूचा हवाई हल्ला सोसलेला तोफची आकृती तपासत बसत नाही.

१२/
नॉर्मंडीच्या स्वारीत, जून १९४४ मध्ये, दोन उपाय योजले गेले. एक सर्वज्ञात आहे : दोस्तांच्या विमानांच्या पंखांवर आणि धडावर रंगवलेले काळे-पांढरे रुंद पट्टे. आजही तो काळ साकारणाऱ्या छांदिष्टाची कसोटी हे पट्टे सरळ रंगवण्यातच लागते. दुसरा उपाय कमी परिचित आहे. ‘रॉयल ऑब्झर्व्हर कोअर’ या संघटनेतील जवळजवळ ८०० नागरी स्वयंसेवकांना जहाजांवर पाठवण्यात आले. काम एकच : वर दिसणारे विमान आपले की परके, हे तोफचींना सांगणे. त्यांत सतरा वर्षांची मुले होती तशी सत्तरीला टेकलेली माणसेही होती. वर्षानुवर्षे हौसेने विमानांची शेपटी आणि पंख निरखणाऱ्या या माणसांच्या शब्दावर तोफा थांबत होत्या.

१३/
नंतर रडार आणि इलेक्ट्रॉनिक ओळखखुणा आल्या, पण डोळा निवृत्त झाला नाही. १४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकवर, भर दिवसा, दोन अमेरिकी एफ-१५ वैमानिकांनी आपल्याच सैन्याची दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे जवळून पाहिली, त्यांना रशियन बनावटीची ‘हाइंड’ समजले आणि पाडली. २६ माणसे मरण पावली.

१४/
युद्ध संपले तेव्हा १:७२ च्या आकृतींवर नजर बसलेली एक पिढी तयार होती. निकोलस कोव्ह या हंगेरीतून आलेल्या निर्वासिताने १९३९ साली स्थापलेली ‘एअरफिक्स’ ही कंपनी आधी हवा भरायची रबरी खेळणी, मग कंगवे करीत असे. १९५२ मध्ये तिने वूलवर्थ दुकानांसाठी ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचा संच साध्या पिशवीत घालून दोन शिलिंगांना विकला. त्याच दशकात स्पिटफायर आले. पहिल्या आवृत्तीत चुका इतक्या होत्या, की कंपनीला लवकरच ते नव्याने घडवावे लागले. ग्राहक चूक पकडत होते, कारण अस्सल आकृती त्यांच्या डोळ्यांत होती.

१५/
पुढे जपानसारख्या मेट्रिक देशानेही १:७२ आणि १:४८ ही फूट-इंचांची मापेच स्वीकारली. आपले माप स्वतः घडवल्याचे एक उदाहरण मात्र मजेदार आहे : शिझुओकाच्या ‘तामिया’ने १९६० च्या दशकाच्या आरंभी पँथर रणगाडा काढला, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या बसाव्यात म्हणून आकार ठरवला, तो भरला १:३५. आज रणगाड्यांच्या छंदात तेच प्रमाणभूत माप आहे.

१६/
क्रूव्हरच्या काळ्या प्रतिकृती आता संग्राहकांच्या हाती आहेत. सेल्युलोज अ‍ॅसिटेट कालांतराने आकसते आणि वाकते, त्यामुळे अनेकांचे पंख आज खाली झुकलेले दिसतात. ज्या वस्तूंवरून तोफची अचूक आकृती शिकले, त्यांतल्या कित्येकांवरून ते विमान आता ओळखणे कठीण झाले आहे. मुलांनी तासलेल्या लाकडी प्रतिकृतींचे माप मात्र, जिथे त्या टिकल्या आहेत तिथे, आजही बरेचसे जुळते.