आबांचं बुडालेलं वर्ष

आमचे आबा वर्धेच्या कॉमर्स कॉलेजात शिकले. शिक्षा मंडळानं १९४० साली काढलेलं ते कॉलेज तेव्हा नवंकोरं. आर्वीकडच्या खेड्यातला पोरगा वर्धेत खोली करून राहतो, बी.कॉम. होणार, याचं घरात कोण कौतुक! बुढीमाय, म्हणजे माझी पणजी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती ज्वारीचं पीठ अन् जवसाची चटणी धाडायची.

१४ जुलै १९४२ ला काँग्रेस कार्यकारिणीनं इंग्रजांनी देश सोडावा असा ठराव केला, तो वर्धेतच. मुंबईचा ऑगस्ट साऱ्यांना आठवतो, वर्धेचा जुलै कुणी काढत नाही, हे आबांना फार लागायचं. त्या दिवसांत पोरं वर्गात कमी अन् पुढारी दिसतील म्हणून बजाजवाडीच्या फाटकाशीच जास्त!

गांधीजींनी विद्यार्थ्यांना पक्षीय राजकारणापासून दूर राहायला सांगितलं होतं. बुढीमायला कुणीतरी ते वाचून दाखवलं. झालं! “गांधीबाबाच म्हणते नं रे, आधी शिक!” आबांचं उत्तर तयार. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला मुंबईकडे निघालेले विनोबा मधेच सुरतेला उतरून काशीला गेले, ते कुठं परीक्षेला बसले? त्यावर बुढीमाय म्हणे, “विनोबाचं डोकं हाय काय तुले?”

१६ ऑगस्टला नागपंचमी होती. त्या दिवशी आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, विळीही काढत नाहीत. चुलीवर कानोले उकडत होते, अन् तिकडे आष्टीला लोक ठाण्यावर तिरंगा लावायला निघाले. गोळीबार झाला, दोन्हीकडची माणसं गेली. आबा त्या गर्दीत होते, असं आत्या म्हणते. काका म्हणतात, नाही, ते वावरातल्या मचाणावर दडून बसले होते. खुद्द आबांना विचारलं, तर ते त्या दिवशी राहून गेलेल्या कानोल्यांचंच सांगत बसायचे. एवढं खरं की परत वर्धेला जाणं झालं नाही अन् परीक्षा बुडाली. पुढल्या साली कॉलेजची फी आली, ती बुढीमायच्या हातातले गोठ मोडून. शेवटी पास झाले, थर्ड क्लासात.

चळवळीपायी शिक्षणाचं नुकसान होतं का, असा वाद आजही पोरांच्या घरोघरी चालतो. होतं. पण ते भरून काढायला घरातलंच कुणीतरी पुढं होतं, अन् त्या बाईचं नाव सत्काराच्या यादीत लागत नाही, याचं मला वाईट वाटतं.

१९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांचं पेन्शन सुरू झालं, तेव्हा गावातले लोक अर्ज कर म्हणून आबांच्या मागे लागले. “गोठ मोडले तिले कोणतं पेन्शन?” एवढंच ते बोलले. आत्याच्या बी.ए.च्या वेळी हात तंग होता. घरात दागिन्यांची गोष्ट निघाली, तेव्हा आबांनी कुणाला न विचारता बैलजोडी आर्वीच्या बाजारात नेऊन विकली.