115 पैकी 106

जून 2015 मध्ये वसई-विरार महापालिकेचा निकाल लागला आणि 115 पैकी 106 जागा एकट्या बहुजन विकास आघाडीकडे गेल्या. शिवसेनेला 5, भाजपला 1. सभागृहात विरोधक नावापुरते उरले.

या आघाडीचे नेते हितेंद्र ठाकूर 1990 मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर वसईचे आमदार झाले. पुढे त्यांनी काँग्रेस सोडून स्थानिक पक्ष बांधला. 2009 पर्यंत त्याची ताकद एवढी वाढली की पालघरची खासदारकीही बळीराम जाधवांच्या रूपाने आघाडीकडे आली. राज्यात सत्ता कुणाचीही असो, वसईत शब्द चाले तो ‘अप्पां’चा, म्हणजे ठाकूरांचा.

काँग्रेसच्या देशव्यापी वर्चस्वाबद्दल राज्यशास्त्रज्ञ रजनी कोठारींनी 1964 मध्ये एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले होते: विरोधक दुबळे असले तरी सत्ताधारी पक्षातले गट त्यांचे म्हणणे आत पोहोचवतात. वसईत ते आतून पोहोचले नाही, बाहेर रस्त्यावर उमटले.

3 जुलै 2009 रोजी चार नगरपालिका आणि 53 गावे मिळून महापालिका झाली. आपली ग्रामपंचायत जाणार, घरपट्टी वाढणार, हिरवा पट्टा बिल्डरांच्या हाती जाणार, ही गावांची भीती रास्तच होती. आंदोलन पेटले आणि काही महिन्यांतच या आंदोलनाचे नेते विवेक पंडित अपक्ष म्हणून वसईतून विधानसभेवर निवडून आले. 2011 मध्ये सरकारने 29 गावे वगळण्याचा निर्णय घेतला. त्यांत पश्चिमेची आगाशी, वाघोली होती, तशी पूर्वेची मांडवी, चांदीपही. महापालिका न्यायालयात गेली, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळला. अखेर 2024 मध्ये सरकारनेच तो निर्णय मागे घेतला.

एवढ्या मोठ्या बहुमताच्या सभागृहाने गावांना बोलावून हा वाद मिटवायला हवा होता. 106 नगरसेवक असलेल्या पक्षाला ते अवघड नव्हते.

2024 च्याच नोव्हेंबरमध्ये, विधानसभा निवडणुकीत, वसई, नालासोपारा आणि बोईसर या तिन्ही जागा आघाडीच्या हातून गेल्या. वसईत ठाकूरांना हरवले ते विवेक पंडितांच्या कन्या, भाजपच्या स्नेहा दुबे-पंडित यांनी. फरक जेमतेम तीन हजारांचा.

तेव्हा महापालिकेवर प्रशासक होता. जून 2020 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पाच वर्षांहून अधिक काळ निवडणूकच झाली नाही. चांदीपच्या माणसाची ग्रामसभा 2009 मध्येच गेली होती; या काळात पाण्याची तक्रार घेऊन ज्याच्या दारी जावे, असा निवडून दिलेला नगरसेवकही त्याला उरला नाही.