शांता आपटे : नटीचे श्रम आणि कराराचा प्रश्न

मराठी चित्रपटाच्या इतिहासलेखनात नटनटींची चरित्रे बहुधा भूमिकांच्या नामावलीने सुरू होतात आणि गुणगौरवाने संपतात. नट हा कोणाचा तरी पगारी नोकर असतो, त्याच्या श्रमाला वेळ आणि मोल असते, ही गोष्ट त्यांत क्वचितच येते. शांता आपटे यांच्या चरित्राने मात्र हा प्रश्न अभ्यासकापुढे आपण होऊन उभा केला आहे. तेवढ्या एका अंगाने त्या चरित्राचा विचार करण्याचा येथे हेतू आहे.

भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’ (1932) या चित्रपटातून शांताबाई पडद्यावर आल्या. पुढे त्या प्रभात फिल्म कंपनीत दाखल झाल्या. ‘अमृतमंथन’ (1934) व ‘अमरज्योती’ (1936) या चित्रपटांनी त्यांचे गाणे सर्वतोमुखी केले. ‘कुंकू’ (1937) मधील नीरा आणि ‘गोपाळकृष्ण’ (1938) मधील राधा या भूमिकांनी त्यांची कीर्ती कळसाला पोहोचली. केवळ सहा वर्षांचा हा काळ होय.

या काळातील कंपनीची घडण ध्यानात घेतली पाहिजे. 1929 साली कोल्हापुरात स्थापन होऊन 1933 मध्ये पुण्यास आलेली प्रभात ही काही अंशी जुन्या नाटक मंडळीची वारस होती. मालक हे स्वतःच कलावंत व तंत्रज्ञ. नट, गायक, सुतार, रंगारी सारे मासिक वेतनावर. आणि कंपनी म्हणजे एक कुटुंब ही भावना प्रबळ. या भावनेतून उत्तम शिस्त व उत्तम चित्रपट निर्माण झाले, हे निर्विवाद आहे. परंतु कुटुंबात हिशेब मागणे हे अशोभनीय ठरते. वेतन व कामाचे तास हे करारातील प्रश्न न राहता निष्ठेचे प्रश्न बनतात. दुर्गा खोटे यांनी अनेक कंपन्यांतून काम करून हे बंधन टाळले. शांताबाईंचा मार्ग निराळा होता.

1939 साली कराराच्या वादातून त्या प्रभातच्या फाटकापाशी उपोषणास बसल्या. ही घटना बहुधा नटीच्या लहरी स्वभावाचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. इतिहासदृष्ट्या हे स्पष्टीकरण अपुरे आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोट येथे गांधीजींचे उपोषण झाले होते. आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईच्या कामगारांनी औद्योगिक कलहाच्या कायद्याविरुद्ध संप केला होता. शिवाय ऋणकोच्या दारात धरणे धरून बसणे हा आपल्याकडील येणे वसूल करण्याचा जुना प्रघात. 1860 च्या दंडसंहितेलाही त्याची दखल घ्यावी लागली होती. शांताबाईंनी निवडलेले साधन, म्हणजे, त्या काळच्या लोकांना तत्काळ उमगावे असेच होते. धनको दारात बसला की देण्याघेण्याचा खासगी मामला चारचौघांत येतो. फाटकाच्या आत जो प्रश्न घरगुती होता, तो फाटकाबाहेर सार्वजनिक झाला.

येथे ‘कुंकू’चे स्मरण होणे अपरिहार्य आहे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी काढलेल्या या चित्रपटात फसवणुकीने वृद्ध वकिलाशी लग्न लागलेली नीरा त्याच घरात राहते, परंतु पत्नीपद नाकारते. नकार हेच तिचे शस्त्र आहे. तथापि पडद्यावरील नीरेने शांताबाईंना फाटकावर आणून बसविले, असे अनुमान काढणे धाडसाचे होईल. नीरा ही पुरुषांनी लिहिलेली व दिग्दर्शित केलेली भूमिका होती. फाटकावरील नकार मात्र शांताबाईंचा स्वतःचा होता. इतके निश्चित म्हणता येईल की, ज्या नकाराने कंपनीला यश व प्रतिष्ठा मिळवून दिली, तोच प्रत्यक्षात दारी आला तेव्हा त्याला लहरीपणाचे नाव मिळाले.

या प्रसंगाचे महत्त्व शांताबाईंनी स्वतः जाणले होते, याचा पुरावा म्हणजे 1940 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक. शीर्षकातील प्रश्न चित्रपटात शिरू पाहणाऱ्या तरुण-तरुणींचा आहे. उत्तर देताना लेखिका झगमगाटाकडे न पाहता या धंद्यातील भांडवल, श्रम आणि देहाला येणारा थकवा यांचा विचार करते. नट हाही कामकरी आहे, ही भूमिका मराठीत इतक्या आधी एका नटीने मांडावी, ही गोष्ट लहान नव्हे.

प्रभात सोडल्यावर त्यांनी तमिळ शिकून ‘सावित्री’ (1941) मध्ये काम केले. त्यात नारदाच्या भूमिकेत एम. एस. सुब्बुलक्ष्मी होत्या. लाहोरच्या ‘जमीनदार’ (1942) पासून ‘स्वयंसिद्धा’ (1949) पर्यंत त्यांचे बरेच चित्रपट आले. परंतु ‘कुंकू’च्या तोलाची भूमिका पुन्हा लाभली नाही. 24 फेब्रुवारी 1964 रोजी त्यांचे निधन झाले.

चित्रपट-कामगारांशी लेखी करार करण्याचे बंधन घालणारा कायदा 1981 साली झाला. तो शांताबाईंच्या उपोषणाचे फळ होता असे नव्हे. परंतु त्या कायद्याने जो प्रश्न मान्य केला, तो 42 वर्षांपूर्वी पुण्यातील एका फाटकापाशी विचारला गेला होता. नटनटींचे चरित्र लिहिणाऱ्याने भूमिकांच्या यादीबरोबर करारपत्रे व पगारपत्रकेही शोधली पाहिजेत, हाच त्याचा बोध होय.