टी-शर्टवरची सही

बसमध्ये असाल, जिममध्ये असाल किंवा माझ्यासारखे ऑफिसात 'बिल्ड चालू आहे' असं सांगून निवांत बसला असाल, तर एक काम करा. अंगात टी-शर्ट असेल तर त्याच्याकडे एकदा नीट बघा. आजचा भाग त्याच्यावरच आहे. आणि त्याची सुरुवात मी केलेल्या एका चोरीपासून होते.

झालं असं, की माझा मावसभाऊ पुण्यात टी-शर्ट छापायचा छोटा धंदा करतो. एक खोली, दोन टेबलं, स्क्रीनचा स्टँड आणि एक हीट प्रेस. मी सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअरवाला, शनिवार-रविवार त्याचा डिझाइनवाला. पावसाळ्याच्या तोंडावर एका ट्रेक ग्रुपची ऑर्डर आली. ८० नग, पाठीवर लोहगडाचा विंचूकाटा, आठ दिवसांत. मला चित्र काढता येत नाही. मी नेटवर शोधलं. एक फार सुंदर रेखाचित्र सापडलं. कोपऱ्यात बारीक सही होती. ती मी दोन मिनिटांत पुसली. बीटेक कशासाठी केलंय?

माल गेला, लोक खूश, फोटो सगळीकडे. तिसऱ्या दिवशी एका मुलीचा मेसेज आला. कला शाखेची विद्यार्थिनी. "दादा, विंचूकाट्याचं चित्र माझं आहे. खाली सही होती, ती कुठे गेली?"

बस, एवढंच. ना शिवी, ना धमकी. तिने भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्या रात्री मी टी-शर्टचा इतिहास वाचायला बसलो. खरं सांगायचं तर 'सगळेच असं करतात' याला पुरावा शोधत होतो.

आधी कापडाकडे येऊ. माझे आजोबा बनियनला 'गंजीफ्रॉक' म्हणायचे. तुमच्याकडेही कुणी म्हणत असेल. हा शब्द आला 'गर्न्सी फ्रॉक'वरून. गर्न्सी हे इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या समुद्रातलं एक छोटं बेट. तिथले कोळी लोकरीचे विणलेले जाड सदरे घालायचे. पुढे खलाशांनी ते उचलले, आणि जहाजांबरोबर शब्द आपल्या किनाऱ्याला लागला. शेजारचं बेट कोणतं माहितीये? जर्सी! म्हणजे क्रिकेटची जर्सी आणि आजोबांचा गंजीफ्रॉक सख्खे शेजारी निघाले. आजही होलसेलवाला विचारतो, 'सिंगल जर्सी देऊ का?' त्या बेटाचं नाव आपण रोज घेतो, पण ते बेट आहे हे विसरून.

शर्टाच्या कापडात उभे-आडवे धागे असतात. टी-शर्टच्या कापडात आजीच्या स्वेटरसारखे टाके असतात, एकात एक अडकवलेले. म्हणून ते ताणलं जातं, डोक्यातून घालता येतं, बटणं लागत नाहीत. अमेरिकेच्या नौदलाने १९१३च्या सुमारास असा सुती, अर्ध्या बाह्यांचा बनियन खलाशांना गणवेशाच्या आत घालायला दिला. आत घालायची ही वस्तू दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेर आली. १९४२ साली 'लाइफ' मासिकाच्या मुखपृष्ठावर एक सैनिक झळकला, त्याच्या छातीवर हवाई दलाच्या गनरी स्कूलचं नाव छापलेलं होतं. म्हणजे तोवर टी-शर्टची पाटी झाली होती.

आपल्याकडे हे कापड येतं मुख्यतः तमिळनाडूतल्या तिरुप्पूरहून. आम्ही घेतो ते १८० जीएसएमचं, बायोवॉश केलेलं. १८० जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन १८० ग्रॅम. बायोवॉश म्हणजे एन्झाइमने धुऊन वरचं बारीक लव काढणं, त्यामुळे गोळे कमी धरतात. इतकं मला पाठ होतं. एक गोष्ट मात्र मी कधी विचारली नव्हती. रंगवल्यावर ते पाणी जातं कुठे?

तिरुप्पूरच्या मधून नोय्यल नदी वाहते, पुढे कावेरीला मिळते. रंगाईच्या कारखान्यांचं खारट, रंगीत पाणी वर्षानुवर्षं तिच्यात गेलं. खाली ओरथुपालयम नावाचं धरण आहे, शेतीसाठी बांधलेलं. त्यात हेच पाणी साठलं, आणि ज्या शेतकऱ्यांसाठी धरण बांधलं त्यांनाच ते नकोसं झालं. शेतकरी कोर्टात गेले. अखेर जानेवारी २०११मध्ये मद्रास हायकोर्टाने तिथले रंगाईचे शेकडो कारखाने बंद करायला सांगितले, सांडपाणी पूर्ण शुद्ध होत नाही तोवर. आपण 'ब्लॅकमध्ये एक्सएल आहे का' असं विचारतो, तेव्हा त्या काळ्या रंगामागे एक नदीही असते. टी-शर्टच्या लेबलवर तिचं नाव कुठेच नसतं.

आता चित्राकडे. स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे सोपं आहे: ताणलेली जाळी, जिथे शाई नको तिथे भोकं बंद, वरून रबराच्या पट्टीने शाई ओढायची. इंग्लंडात मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने १९०७ साली या पद्धतीचं पेटंट घेतलं. एका रंगाला एक जाळी. म्हणून गिऱ्हाईक म्हणतं 'अजून एक रंग टाका ना', तेव्हा भाव वाढतो.

आणि टी-शर्टवरचं सगळ्यात गाजलेलं चित्र कोणतं? चे गेवारा. मीही कॉलेजात घातलाय, तो कोण हे माहीत नसताना! तो फोटो आल्बेर्तो कोर्दा या छायाचित्रकाराने ५ मार्च १९६० रोजी हवानात काढला. तेव्हा त्याच्या वर्तमानपत्राने तो छापलाही नाही. १९६७मध्ये चे मारला गेला आणि फोटो जगभर पसरला. १९६८मध्ये जिम फिट्झपॅट्रिक या आयरिश चित्रकाराने त्याचं लाल-काळं पोस्टर केलं आणि ते लोकांनी वाटेल तसं वापरावं म्हणून मुद्दाम मोकळं सोडलं. कोर्दाला मात्र अनेक वर्षं या फोटोचं मानधन मिळालं नाही. चेचे विचार मानणाऱ्यांनी फोटो वापरला तर त्याची हरकत नव्हती. पण २०००च्या सुमारास तो व्होडकाच्या जाहिरातीत दिसला तेव्हा कोर्दा कोर्टात गेला. तडजोडीत ५०,००० डॉलर मिळाले, ते त्याने क्युबाच्या आरोग्यसेवेला देऊन टाकले.

इथे मी थांबलो. पुरावा मिळाला होता, पण माझ्या विरुद्ध. फिट्झपॅट्रिकने चित्र स्वतःहून दिलं. त्या मुलीने दिलं नव्हतं, मी घेतलं होतं.

मग फुकट आणि सरळमार्गी असं काहीच नाही का? आहे, आणि गंमत म्हणजे लोहगडाच्या पायथ्याशीच आहे. ट्रेकला आपण लोकलने मळवलीला उतरतो. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत चित्रं छापायचा छापखाना काढला, तो १८९९मध्ये याच मळवलीला आला. जर्मन यंत्रं, आणि रंगागणिक वेगळा दगड. आमच्या जाळ्यांसारखंच! राजवाड्यातली लक्ष्मी-सरस्वती त्यामुळे चाळीतल्या भिंतीवर आली. पुढे छापखाना एका जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला, तरी चित्रांखाली 'रविवर्मा प्रेस' हे नाव छापलं जात राहिलं. नाव पुसण्यात नाही, ठेवण्यात धंदा होता. आपल्या कायद्यात चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. रविवर्मा १९०६ साली गेले, म्हणजे त्यांची चित्रं आता सगळ्यांची आहेत.

दुसऱ्या दिवशी भावाने आणि मी तिला फोन केला. माफी मागितली, मोबदला विचारला. तिने सांगितलेली रक्कम आमच्या नफ्याच्या निम्म्याहून थोडी कमी होती. आम्ही घासाघीस केली नाही. मग ती म्हणाली, "आणि सही?"

आम्ही फक्त सहीची एक छोटी जाळी बनवली. ट्रेक ग्रुपला खरं काय ते सांगितलं आणि टी-शर्ट परत मागवले. ८०पैकी ६३ आले. एकेकाच्या पाठीवर, चित्राच्या कोपऱ्यात सही छापली, वाळवली, परत पाठवली. उरलेले १७ अजून कुठल्या ना कुठल्या गडावर बिनसहीचे फिरतायत.

आता ती आमच्यासाठी चित्रं काढते. सध्या तिकोना चालू आहे. होलसेलवाल्याला मी हल्ली विचारतो, कापड कुठे रंगवलंय, पाण्याचं काय करतात. तो वैतागतो. दोनदा उत्तर मिळालं, तिसऱ्यांदा त्याने फोन ठेवला. पण मी विचारणार.

तुमच्या कपाटातल्या एखाद्या टी-शर्टवरचं चित्र कुणी काढलंय, हे शोधून बघा. सापडलं तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!